तराजू कोणाचा, तोलाई कोणाची?

(काळेवाडी येथें शेतकरी, कारागीर व कामगार बंधुभगिनींच्या सभेंत केलेलें भाषण)

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोंत तो ऐकून कोणी म्हणेल, "हा तर शेअरबाजारांतल्या शेठजींचा विषय; आमच्या नांगराशीं, लेथशीं नि शिवणयंत्राशीं त्याचा काय संबंध?" ठीक आहे. तुमच्यापैकीं ज्यांनीं कर्जासाठीं कधीं बँकेची पायरी चढली असेल त्यांनीं हात वर करावा. आतां त्यांपैकीं ज्यांना "तुमचा सिबिल बसत नाहीं" एवढ्या चार शब्दांवर परत फिरावें लागलें त्यांनीं हात तसाच ठेवावा. पाहा, फार थोडे हात खालीं आले! म्हणजे विषय आपलाच आहे.

आमच्या ओळखीचा एक कारागीर आहे. भाड्याच्या गाळ्यांत एक लेथ चालवतो आणि कारखान्यांच्या जॉबवर पोट भरतो. दुसऱ्या लेथसाठीं त्यानें कर्ज मागितलें. कागदपत्रें पुरीं होतीं, काम हातांत होतें, तरी नकार आला. कां? तर पूर्वीं हप्त्यानें घेतलेल्या मोबाईलची बाकी वहींत थकीत दिसत होती. शेवटचा हप्ता त्यानें केव्हांच भरला होता. कर्ज देणारानें मात्र तें वहीवाल्याला कळवलें नव्हतें. त्या गृहस्थानें आम्हांला विचारलें, "मला नापास केलें हें समजलें. पण नापास करणारा मास्तर कोण? तो राहतो कोठें? आणि त्याचा पगार कोण देतो?"

बंधूंनो, या तीन प्रश्नांहून शहाणे प्रश्न मोठ्या अर्थशास्त्र्यालाही सुचणार नाहींत. आज त्यांचींच उत्तरें आपण शोधूं.

प्रश्न जुना आहे. १२ मे १८७५ रोजीं आपल्याच पुणें जिल्ह्यांत, सुपें गांवीं, शेतकरी सावकारांच्या घरांवर नि दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद: खतें, रोखे, हिशेबाच्या वह्या. ते त्यांनीं बाहेर आणून जाळले. तें लोण पुणें व तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गांवीं पसरलें. शेतकऱ्यानें अंगठा उठवायचा आणि कागदांत काय लिहिलें तें लिहिणारानेंच जाणायचें, असा तो काळ. सरकारनें चौकशी नेमली आणि १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं निराळा कायदा केला. त्या कायद्यांत एक साधी गोष्ट होती: शेतकऱ्यानें पैसे भरले कीं त्याला लेखी पावती मिळावी, आणि दरसाल त्याला आपल्या खात्याचा उतारा मागतां यावा. पुढें १८८३ सालीं जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून, अक्षराच्या जोरावर अडाणी शेतकरी कसा नागवला जातो तें जगापुढें मांडलें. तात्पर्य एकच: ज्याच्या हातीं वही, त्याच्या हातीं आपली मान.

आतां ती वही कोठें गेली तें ऐका.

सिबिल हें सरकारी खातें आहे असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती खासगी कंपनी २००० सालीं मुंबईंत स्थापन झाली. आरंभीं तिच्यांत आपल्याकडील बँकांचे व वित्तसंस्थांचे हिस्से होते. मग त्यांनीं ते हळूहळू विकले, आणि २०१७ पर्यंत तिचा ९२ टक्क्यांहून अधिक हिस्सा अमेरिकेंत शिकागो येथील ट्रान्सयुनियन या कंपनीकडे गेला. ही ट्रान्सयुनियन मुळांत कोण? रेल्वेचे टाकीचे डबे भाड्यानें देणाऱ्या धंद्यांतून १९६८ सालीं ती जन्मली, आणि पुढच्याच वर्षीं तिनें उधारीच्या नोंदी ठेवणारी एक कचेरी विकत घेतली. डब्यांचा धंदा मागें पडला. माणसांच्या नोंदींचा धंदा वाढला.

सिबिलच्या आणखी तीन भावंडांना रिझर्व्ह बँकेनें परवाना दिलेला आहे. एक्स्पीरियनची मूळ कंपनी आयर्लंडांत डब्लिनची, तिचे शेअर लंडनच्या बाजारांत. इक्विफॅक्स अमेरिकेंत अटलांटाची, १८९९ सालची. क्रिफ हायमार्कच्या मागें इटलींत बोलोन्या येथील क्रिफ. चारी वह्यांच्या मागें घर परदेशांतलें आहे. २००५ च्या कायद्याप्रमाणें हा सारा कारभार चालतो. तुम्ही पीककर्ज घ्या, सोनें गहाण ठेवा, हप्त्यानें फ्रीज आणा. भरलेला हप्ता नि चुकलेला हप्ता या वह्यांत जातो. त्यावरून माणसाला ३०० ते ९०० मधला एक आंकडा मिळतो. सिबिल लहान कारखानदाराला एक ते दहा असा क्रमांकही लावते. आणि वहीवाल्याला पैसे कोण देतें? मुख्यतः बँका व फायनान्स कंपन्या. त्या तुमची माहिती पुरवतातही आणि विकत घेतातही. गिऱ्हाईक त्या, आपण नव्हे. आपण मालाच्या पोत्यांत आहोंत.

हें झालें लहान माणसाचें. आतां मोठ्यांचा तराजू पाहूं. खरी गंमत तेथें आहे.

मोठ्या कंपन्या बँकेच्या रांगेंत उभ्या राहत नाहींत. त्या कर्जरोखे काढतात आणि विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, कामगारांचे प्रॉव्हिडंट फंड ते विकत घेतात. हे रोखे किती भरंवशाचे, हें सांगणाऱ्या कंपन्या म्हणजे रेटिंग एजन्सी. त्या आंकडा देत नाहींत, अक्षरें देतात. सर्वांत वर 'ट्रिपल ए', सर्वांत खालीं 'डी', म्हणजे बुडीत.

जगांत हा धंदा मुख्यतः तीन घरांचा. एस अँड पी, मूडीज व फिच. दहांतला नऊहून अधिक भाग या तिघांकडे. आरंभ झाला अमेरिकेच्या रेल्वेपासून: हेन्री पुअर यानें १८६० सालीं रेल्वे कंपन्यांच्या माहितीचें पुस्तक काढलें, आणि जॉन मूडी यानें १९०९ सालीं रेल्वेच्या रोख्यांना अक्षरें लावलीं. आज एस अँड पी व मूडीज या दोघींचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारांत विकले जातात. मूडीजचा सुमारें आठवा हिस्सा वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीकडे वर्षानुवर्षें आहे. व्हॅनगार्ड आणि ब्लॅकरॉक हीं नांवें दोन्हीकडच्या मोठ्या भागधारकांत सांपडतात. म्हणजे बाजारांत समोरासमोर दोन दुकानें, आणि दोहोंच्या गल्ल्यांत तेच भागीदार. तिसरी फिच, ती २०१८ पासून पुरती हर्स्ट या अमेरिकेच्या वर्तमानपत्रवाल्या घराण्याच्या कंपनीची आहे.

आणि आपल्या देशांत? क्रिसिल १९८७ सालीं मुंबईंत निघाली, आपल्याच वित्तसंस्थांच्या पैशानें. २००५ सालीं तिचा बहुतांश एस अँड पीच्या घरानें घेतला. आज त्यांचा हिस्सा सुमारें दोनतृतीयांश आहे. इक्रा १९९१ सालची. २०१४ पासून तिचा निम्म्याहून अधिक हिस्सा मूडीजचा. इंडिया रेटिंग्ज पुरती फिचची. चौथी मोठी केअर, १९९३ सालची. ती कोणा एका परदेशी घराची नाहीं, तिच्यांत आयुर्विमा महामंडळासारख्यांचे हिस्से आहेत. परंतु २०१७ सालीं क्रिसिलनें या केअरचाही ८.९ टक्के हिस्सा विकत घेतला. एका मापाड्यानें दुसऱ्या मापाड्याच्या तराजूंत भागी घ्यावी, तसा हा प्रकार.

इतकें ऐकून कोणी म्हणेल, "मग झालें! परदेश्यांना हांकला, तराजू देशी करा, म्हणजे रामराज्य!" थांबा. आम्हीं असा सोपा निकाल फार ऐकला आहे. आमच्या आजोबांनाही सांगण्यांत आलें होतें कीं गोरा गेला कीं सारें आपोआप ठीक होईल. पण गोरा गेल्यावर वही कोणाच्या मांडीवर गेली, हें विचारणारे थोडे होते. म्हणून कारागिराच्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं: पगार कोण देतो?

लग्न जुळवतांना पत्रिका पाहणाऱ्या जोशीबुवांचा खेळ तुम्हांला ठाऊक आहे. दक्षिणा वरपक्षानें दिली आणि पुढचीं चार लग्नेंही त्याच घरचीं मिळणार असलीं, तर छत्तीसपैकीं किती गुण जुळतील? मंगळ कोठें पळून जाईल? रेटिंगचा धंदाही आज याच रीतीनें चालतो. पूर्वीं मूडीचें पुस्तक वाचणारा विकत घेई, म्हणजे पैसे देई तो सावकार. १९७० नंतर नकला काढणारीं यंत्रें सर्वत्र झालीं, एकानें घेतलेलें पुस्तक दहांनीं फुकट वाचूं लागले, आणि धंद्यानें रीत फिरवली: ज्याला कर्ज काढायचें आहे त्यानेंच गुण देणाऱ्याला फी द्यावी. या एजन्सीनें गुण कमी दिले तर कर्जदार त्या एजन्सीकडे जातो. उंदराला मांजर साक्ष!

याचें फळ काय झालें? अमेरिकेंत घरकर्जांचे गठ्ठे बांधून त्यांचे रोखे विकले गेले. तेथील सरकारी चौकशी आयोगानें २०११ सालीं लिहून ठेवलें आहे कीं २००६ सालीं एकट्या मूडीजनें कामाच्या दर दिवशीं सरासरी तीस घरकर्ज-रोख्यांवर 'ट्रिपल ए'चा शिक्का मारला, आणि त्या वर्षींच्या अशा रोख्यांपैकीं ८३ टक्के पुढें खालीं उतरवावे लागले. २००८ सालीं तो डोलारा कोसळला. लोकांचीं घरें गेलीं, नोकऱ्या गेल्या. एस अँड पीनें २०१५ सालीं सुमारें १३७ कोटी डॉलर आणि मूडीजनें २०१७ सालीं सुमारें ८६ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. दुकानें मात्र चालूच राहिलीं.

आपल्याकडेही तसेंच झालें. आयएल अँड एफएस म्हणून मुंबईची मोठी कंपनी. रस्ते, पूल, बोगदे यांना पैसा पुरवणारी. तिच्यावर सुमारें ९१ हजार कोटींचें कर्ज. ऑगस्ट २०१८ पर्यंत तिच्या कपाळीं 'ट्रिपल ए' झळकत होतें. सप्टेंबरांत ती 'डी', म्हणजे बुडीत. महिन्याभरांत पहिल्या नंबराचा विद्यार्थी थेट नापास! बडा घर, पोकळ वासा. आणि वासा ठोकून पाहण्याची फी घेणाऱ्या तिघी होत्या: केअर, इक्रा व इंडिया रेटिंग्ज. त्या अक्षरांवर विसंबून कोणाकोणाचे पैसे तेथें गेले? त्यांत कामगारांच्या प्रॉव्हिडंट फंडांचेही होते. सेबीनें २०१९ सालीं तिघींना प्रत्येकीं २५ लाख दंड केला आणि २०२० सालीं तो एक कोटी केला. हजारों कोटींच्या खड्ड्यापुढें एक कोटी! आपल्या कारागिराचें कर्ज एका मोबाईलच्या खोट्या बाकीवरून अडलें, हें लक्षांत ठेवून दोन्ही शिक्षा शेजारीं ठेवून पाहा.

आतां नीट ध्यानांत घ्या. या तिघींत इक्रा मूडीजची होती, इंडिया रेटिंग्ज फिचची होती, आणि केअर देशी होती. तिघींनीं सारखेच गुण दिले. म्हणजे मालक परदेशी म्हणून खोटा आणि देशी म्हणून खरा, हा हिशेब टिकत नाहीं. लांब कशाला, पवनेपलीकडे पिंपरींत पाहा. सेवा विकास सहकारी बँक कोणा शिकागोवाल्याची नव्हती. ती आपल्यांतली, नांवानें सहकारी, म्हणजे सभासदांच्याच मालकीची. ऑक्टोबर २०२२ मध्यें रिझर्व्ह बँकेनें तिचा परवाना रद्द केला. पांच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचें कुंपण होतें. त्यावर ज्यांच्या ठेवी होत्या त्यांना वाट पाहणें आलें. मालक कागदावर आपण असूनही वही आपण वाचली नाहीं, तर त्या मालकीचा उपयोग काय?

म्हणून आमचें म्हणणें असें आहे. मालक कोण हें विचारावेंच. पण त्यासोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्या: तोलाई कोण देतो, आणि तोललेलें आम्हांला पाहतां येतें कीं नाहीं. मार्केट यार्डांत आपण कांदा नेतों तेव्हां मापाडी बाजार समितीच्या परवान्याचा असतो. व्यापाऱ्यानें स्वतःचा माणूस कांट्यावर बसवला तर आपण ओरडतों. पैशाच्या बाजारांत मोठा कर्जदार आपला मापाडी आपण निवडतो आणि त्याला आपण पैसे देतो. लहान कर्जदाराला मापाडी निवडतां येत नाहीं. त्याला कोणी तोललें हेंही नकार आल्यावर कळतें. सारा अन्याय या एका फरकांत आहे.

आणि या तराजूंतून सरकारही सुटत नाहीं. एस अँड पीनें हिंदुस्थान सरकारला २००७ सालीं जें अक्षर दिलें तें ऑगस्ट २०२५ मध्यें एक पायरी वर गेलें. मध्यें अठरा वर्षें गेलीं. दिल्लीचे मंत्री त्या अक्षरावर रागावतात, पत्रें लिहितात, वर्तमानपत्रांत बोलतात. दिल्लीचा आवाज न्यूयॉर्कला ऐकूं जातो. काळेवाडीच्या लेथवाल्याचा आवाज शिकागोला कोण पोंचवणार? तो आपणच पोंचवला पाहिजे. आणि त्यासाठीं १८७५ सारखी आग नको, १८७९ सारखा उतारा हवा.

तो उतारा मागण्याचा हक्क आज तुमच्याजवळ आहे, आणि फार थोडे लोक तो वापरतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणें २०१७ पासून चारी कंपन्यांनीं प्रत्येकाला वर्षांतून एकदां त्याचा पुरता अहवाल फुकट द्यावा लागतो. चार कंपन्या, वर्षाचे बारा महिने. दर तीन महिन्यांनीं एकीकडून मागवा. घरांत शिकलेली मुलगी असेल तर तिच्या मोबाईलवर दहा मिनिटांचें काम आहे. एजंटाला पांचशें-हजार देऊं नका; "सिबिल दुरुस्त करून देतों" म्हणणाऱ्याच्या हातीं आधार नि ओटीपी देऊं नका.

अहवालांत चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाहीं तर पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला मिळावी, असा नियम २०२४ पासून लागू आहे. तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा; २०२२ पासून या कंपन्याही त्याच्या कक्षेंत आहेत. बँकेनें नकार दिला तर तुमच्याविषयीं काय वाचून दिला, त्याची प्रत मागा. कायदा तुमच्या बाजूनें आहे. पहिल्यांदाच कर्ज मागणाराचा अर्ज 'जुनी नोंद नाहीं' एवढ्याच कारणानें फेटाळूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें सांगितल्याचें केंद्र सरकारनें २०२५ सालीं लोकसभेंत स्पष्ट केलें आहे. त्याच वर्षीं मे महिन्यांत राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं, पीककर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करूं, अशी ताकीद दिली. ताकीद चांगली, पण ताकीद तोंडची, नोंद यंत्रांतली. नोंद तपासल्यावांचून ताकिदीवर विसंबूं नका.

कर्ज फिटलें कीं बेबाकीचा दाखला त्याच दिवशीं मागा आणि सातबाऱ्याइतका जपून ठेवा. भाऊबंदकीच्या भिडेनें जामिनावर सही करूं नका; पाहुण्याचा हप्ता चुकला तर डाग तुमच्याही वहींत पडतो. बचतगटाच्या भगिनींनो, गटाच्या सभेंत जसा पासबुकाचा हिशेब वाचतां, तसा प्रत्येकीच्या अहवालाचा हिशेब वर्षांतून एकदां वाचा. ज्या घरांत बाईला आपल्या नांवावर काय कर्ज आहे हेंच ठाऊक नाहीं, त्या घरांतली सावकारी बाहेरच्या सावकारीहून कमी नव्हे.

हें झालें घरापुरतें. सरकारकडे दोन मागण्या आपण एकत्र केल्या पाहिजेत. पहिली: मोठ्या कर्जदारानें आपला मापाडी आपण निवडण्याची रीत बंद व्हावी, फी त्यानें भरावी, पण एजन्सी नेमावी सेबीनें. दुसरी: नोंदींची मूळ वही लोकांच्या मालकीची व्हावी. ही आमची कल्पना नव्हे. रिझर्व्ह बँकेनें नेमलेल्या समितीनेंच २०१८ सालीं सार्वजनिक कर्जनोंदवहीची शिफारस केली, आणि २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पांत तशा राष्ट्रीय वहीची घोषणा झाली. घोषणा त्यांनीं केली. ती मराठींत वाचतां येईल, गांवच्या चावडीवर तपासतां येईल आणि चूक तेथेंच दुरुस्त होईल, असा आग्रह आपण धरूं. नाहींतर सरकारी वहीही दुसऱ्या कोणाच्या मांडीवर जाऊन बसेल.

शेवटीं त्या कारागिराचें सांगतों, कारण तुम्ही विचारणारच. त्यानें अहवाल मागवला, जुन्या पावत्या ट्रंकेंतून काढल्या, तक्रार लिहिली. नोंद दुरुस्त झाली. दुसरी लेथ अजून आलेली नाहीं. अर्ज पुन्हा करायचा आहे. पण परवां तो भेटला तेव्हां त्याच्या हातांत बायकोचा, भावाचा नि शेजारच्या गाळेवाल्याचा असे तीन अहवाल होते, आणि तो त्यांतल्या चुकांखालीं पेन्सिलीनें रेघा ओढत बसला होता.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकीं कित्येकांचे पूर्वज सही न येतां अंगठा देत होते. आपल्याला सही येते, वाचतां येतें. मग आपल्याविषयीं परक्यानें लिहिलेलें आपण वाचणार नसूं, तर ती सही आणि तो अंगठा यांत फरक तो काय राहिला?

सत्यमेव जयते.